एकाहत्तर सेंटिमीटरचा साप

केशरीचंदांच्या हातून आयुष्यात एकच मोठा उपकार झाला, तोही एका सापावर, आणि तो फेडता फेडता त्यांचे सोळा महिने गेले. ज्याच्यावर उपकार होतो त्यानं तो फेडायचा, अशी जगाची रीत आहे. पण ती सापाला माहीत नव्हती, आणि सरकारलाही माहीत नसावी.

तसे केशरीचंद उपकार करत हिंडणाऱ्यांपैकी नव्हते. मालेगावच्या बाजारओळीत त्यांचं कापडाचं दुकान होतं, मागे कापडाचे गठ्ठे ठेवायची खोली, आणि वर राहतं घर. त्यांच्याबद्दल गावात दोन गोष्टींवर दुमत नव्हतं. एक, जैन माणूस, गादीवर मुंगी आली तरी फुंकर घालून बाजूला करणार. दुसरं, त्यांचं माप. वार गेले, मीटर आले, गावातल्या निम्म्या दुकानदारांची मापं त्या गडबडीत चार बोटं आखडली, पण केशरीचंदांनी मोजलेलं कापड कुणी घरी नेऊन पुन्हा मोजलं असं तीस वर्षांत घडलं नाही. शिंपी गळ्यातली टेप काढायची तसदी घेत नसत. बाकी अभिमान धरावा असं त्यांच्यापाशी फारसं काही नव्हतं. आवाज बसका, तब्येत बेताची, डोक्यावरचे केस तर मीटर येण्याआधीच गेलेले. जी काही इज्जत होती ती त्या लोखंडी मीटरपट्टीत होती.

चौऱ्याहत्तर सालच्या आषाढात दुकानामागच्या बोळीत गलका झाला म्हणून ते बाहेर आले. भिंतीच्या कोपऱ्यात एक साप अंग चोरून बसला होता आणि समोर दौलतराव काठी घेऊन उभे होते. दौलतरावांचं घर आणि केशरीचंदांचं दुकान यांत एकच भिंत. गावाबाहेर त्यांची चाळीस एकर शेती होती, पण ते दिवसभर केशरीचंदांच्या ओट्यावर बसून गावाला सल्ले देत.

"शेठ, बाजूले व्हा," दौलतराव म्हणाले. "लहान हाय तवरच मारा लागते. मोठा झाला का मंग तो आपल्याले विचारत नाई."

"मारू नोका," केशरीचंद म्हणाले. "माह्या दुकानामागं हाय. तो माह्या जिम्म्यावर."

हे वाक्य त्यांनी का उच्चारलं, याचा विचार ते पुढे पुष्कळ दिवस करत होते.

"घ्या मंग जिम्म्यावर," म्हणून दौलतरावांनी काठी भिंतीला टेकवली. साप डालड्याच्या डब्यात गेला. निरखून पाहता धामण निघाली, म्हणजे विषाची भीती नव्हती. आता शेतात नेऊन सोडायचा आणि हात धुवून जेवायला बसायचं, एवढंच काम उरलं होतं. पण दौलतराव आपल्या वावराचं नाव काढू देईनात.

"धामण म्हशीच्या पायाले विळखा मारते अन् सारं दूध पिऊन जाते," ते म्हणाले.

"तुमची म्हैस तं दोन सालापासून आटली हाय."

"मंग ते काहून आटली, सांगा."

केशरीचंद डबा सायकलला बांधून जऊळक्याच्या रस्त्याला लागले. नाल्याकाठी झुडपं पाहून उतरले, झाकणाला हात घातला, तोच मागून वनरक्षक सेवादास आला. सेवादास भला माणूस. बायकोच्या लुगड्यांसाठी त्याच दुकानात येणारा.

"डब्यात काय हाय शेठ?"

केशरीचंद खोटं बोलत नसत. "साप हाय. सोडून राह्यलो."

सेवादासनं कपाळाला हात लावला. "नवा कायदा आला हाय. आता परवानगी लागते."

"पकडाले लागते, ते समजलं. सोडाले कायले?"

"सोडला म्हंजे पकडला होता, हे सिद्ध होते ना. तुमी नुस्तं 'डबा धुवाले आलो' म्हनले असते तं मी पाह्यलंही नसतं. पर तुमी सांगून बसले. आता माह्या कानावर आलं."

असा कायदा आपल्याला नाल्याकाठी भेटेल, हे केशरीचंदांना ठाऊक नव्हतं. पण कायदा भेटल्यावर ओळख न दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. डबा तसाच घरी परत आणून दुसऱ्या दिवशी ते एस.टी.नं एका ऑफिसात गेले. त्या ऑफिसचं नाव घ्यायला ते पुढे कधीच तयार झाले नाहीत, तेव्हा आपणही घेऊ नये. तिथल्या कारकुनानं साप सोडण्याच्या परवानगीचा अर्ज काढून दिला. तीन प्रती. अर्जदाराचं नाव, वडिलांचं नाव, प्राण्याचं नाव. प्राण्याच्या वडिलांचं नाव मात्र विचारलं नव्हतं, एवढी त्या खात्याची मेहेरबानी. सातव्या रकान्यात लांबी होती.

"लिहा दोन-अडीच फूट," कारकून म्हणाला.

इथे केशरीचंदांनी मान हलवली असती तर ही गोष्ट इथेच संपून सगळे आपापल्या कामाला लागले असते. पण ज्या माणसानं तीस वर्षांत 'दोन-अडीच' असं काही मोजलं नाही, त्यानं ते सरकारी कागदावर कसं लिहावं? "मोजून सांगतो," म्हणून ते परत एस.टी.त बसले.

साप मोजणं आणि लठ्ठ्याचं कापड मोजणं यांत फरक आहे. लठ्ठा सहकार्य करतो. केशरीचंदांनी आधी मीटरपट्टी लावून पाहिली, पण सापाला सरळ रेषेची आवड नव्हती. मग त्यांच्या पत्नी अंगुरीबाई डोक्यावरचा पदर सावरत रेशमाची दोरी घेऊन आल्या. डोक्यापासून शेपटीपर्यंत, वळणावळणानं, दोरी सोडत न्यायची आणि मग ती दोरी पट्टीवर धरायची. पहिल्यांदा सत्तर आले. दुसऱ्यांदा एकाहत्तर. तिसऱ्यांदा पुन्हा एकाहत्तर. केशरीचंदांनी अर्जात स्वच्छ अक्षरात 'एकाहत्तर सेंटिमीटर' लिहिलं आणि पुढे 'बरोबर' असा शेराही मारला, जो अर्जात कुणी मागितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते अर्ज घेऊन पुन्हा ऑफिसात गेले. कारकुनानं शिक्का मारता मारता सांगितलं, "परवानगी आली का आमचा माणूस येईन. प्राणी अर्जातल्या वर्णनाशी जुळला पायजे. नाई जुळला तं मंग चौकशी."

"अन् परवानगी कधी येईन?"

"येईन ना," कारकून म्हणाला.

परतीच्या एस.टी.त केशरीचंद खिडकीशी बसून होते. मालेगावचे दिवे दिसू लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण सरकारला एक शब्द देऊन बसलो आहोत. हा साप एकाहत्तरचा आहे. परवानगी येईल त्या दिवशी तो एकाहत्तरचाच निघाला पाहिजे. एकदा मोजून दिलेला माल मागाहून वाढला, असं त्यांच्या धंद्यात कधी घडलं नव्हतं.

ओट्यावर हा विषय निघाला तेव्हा शालिग्राम मास्तर हजर होते. मास्तर हायस्कुलात विज्ञान शिकवत आणि त्यामुळे गावात कुणाच्याही पोटात दुखलं तरी त्यांचं मत विचारलं जाई.

"सोपं हाय शेठ," मास्तर म्हणाले. "लहान हौदातला मासा लहानच राह्यते. कुंडीतलं वडाचं झाड पाह्यलं ना? जेवढी जागा, तेवढी वाढ. हा निसर्गाचा नियम हाय. साप लहान ठेवाचा असन तं डबा लहान ठेवा."

"माह्या आत्याचं तसंच झालं," दौलतराव म्हणाले. "एका खोलीत बारा जण होते. कोणीच पाच फुटाच्या वर गेलं नाई."

दोन साक्षी मिळाल्यावर केशरीचंदांना शंका उरली नाही. डालड्याचा डबा जरा प्रशस्त वाटला म्हणून साप बिस्किटांच्या चौकोनी डब्यात गेला. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली. दर चतुर्दशीला केशरीचंद दोरी घेऊन बसत आणि मोजून झालं की सुस्कारा टाकत. एकाहत्तर. पुन्हा एकाहत्तर. मास्तर येताजाता विचारत आणि खूश होत. आपला सिद्धांत प्रत्यक्षात चालताना पाहण्याचं भाग्य हायस्कुलातल्या शिक्षकाला फारसं मिळत नाही.

खाण्याचा प्रश्न नागपंचमीच्या आधीच निघाला. साप काय खातो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि नेमकं ते जैनाच्या घरात मिळणं शक्य नव्हतं. एक जीव वाचवायला दुसरा जीव द्यायचा, हा हिशेब कोणत्याही पट्टीनं बसेना. म्हणून दूध ठेवलं. सापानं दुधाकडे पाहिलंही नाही. मग नागपंचमी उजाडली आणि बाजारओळीतल्या बायका हळदकुंकू घेऊन दुकानात शिरल्या, कारण वारुळापर्यंत चिखल तुडवत जाण्यापेक्षा केशरीचंदांचा डबा सोयीचा होता. धामण म्हणजे नाग नव्हे, हे केशरीचंदांनी पहिल्या चारजणींना समजावून सांगितलं. पाचवीपासून सोडून दिलं. संध्याकाळपर्यंत डब्यावर लाह्यांचा थर बसला आणि टेरिकॉटच्या एका नव्या कोऱ्या ताग्यावर पाव शेर दूध सांडलं. दिवसभरात एकीनंही कापड पाहिलं नाही.

भाद्रपद लागला. मोजणी एकाहत्तरवरच होती, पण दोरी आता सापाच्या अंगावरून सरकताना हाडांवर अडखळे. एकदा त्यानं कात टाकली, ती सबंध निघालीच नाही, तुकड्यातुकड्यांनी अंगाला चिकटून राहिली. झाकणाला नाक घासून घासून नाकाचं कातडं सोललं होतं. केशरीचंदांनी हे पाहिलं होतं. पाहून ते झाकण लावत आणि दुकानात जाऊन बसत. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते त्यांना दोनदा विचारावं लागे.

पर्युषण संपलं आणि क्षमापनेचा दिवस आला. वर्षभरात जाणता-अजाणता ज्याला दुखावलं असेल, त्याची हात जोडून माफी मागायची. केशरीचंद सकाळपासून घरोघर हिंडले. भावकीत गेले, शेजारी गेले, दौलतरावांचीही माफी मागितली. दौलतरावांनी ती मोठ्या मनानं दिली. दमून घरी आले तर अंगुरीबाई गठ्ठ्यांच्या खोलीत डब्यापुढे बसल्या होत्या.

"साऱ्या गावाले माफी मागून आले," त्या म्हणाल्या. "याले मागितली काय?"

इकडेतिकडे पाहून, अंगुरीबाईंशिवाय कुणी नाहीसं बघून, केशरीचंदांनी डब्यापुढे हात जोडले. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, आणि बिस्किटाच्या डब्यापुढे हात जोडल्याचं आणखी वेगळं वाईट वाटत होतं. हात सोडून त्यांनी सवयीनं बाजूला पडलेलं झाकण लावायला उचललं.

"माफी मागाची अन् वरून झाकण लावाचं," अंगुरीबाई म्हणाल्या, "हे कोन्या पोथीत लिवलं हाय?"

"अवं, मोठा झाला तं चौकशी लागन."

"अन् मेला तं? तो वाढून नाई राह्यला म्हनून तुमी खूश हा. तो मरून राह्यला म्हनून वाढून नाई राह्यला. माणसाचं लेकरू असं राह्यलं असतं तं तुमी पट्टी घेऊन बसले असते काय?"

अंगुरीबाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. दुकानात दर्शनी भागात एक काचेचं कपाट होतं, सहा फूट लांब, नवा माल मांडायचं. संध्याकाळच्या जेवणाआधी ते चारजणांनी उचलून मागच्या खोलीत नेलं होतं, त्यात वाळू, एक फुटका माठ, वाळकी फांदी आणि पाण्याची थाळी आली होती आणि साप त्यात सोडला होता. सापानं कपाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारली. अंगाला एवढा लांब ताण देताना केशरीचंदांनी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. मग तो माठात शिरला आणि दोन दिवस बाहेर आला नाही.

कपाटाच्या तळफळीला उंदरांनी पूर्वीच पाडलेलं एक भोक होतं. खोलीत गठ्ठे होते आणि गठ्ठ्यांत उंदीर होते. आपण कुणालाही मारलं नाही, कुणाला मारायला दिलंही नाही. कोण आपल्या पायानं कुठे जातो, हे ज्याचं त्यानं पाहावं. केशरीचंदांनी कपाटाच्या काचेवर खादीचा जाड पडदा लावला आणि त्यामागे काय चाललंय हे न पाहण्याचा नेम घेतला. उंदरांनी कुरतडलेले तागे निघायचे बंद झाले, त्याबद्दलही ते कुणाशी बोलले नाहीत.

दिवाळीत सापानं कात टाकली ती डोळ्यांच्या चकत्यांसकट, सबंध, मोज्यासारखी उलटी निघाली. अंग तेल लावल्यासारखं चमकू लागलं. संक्रांतीला नव्वद. होळीला एकशे दहा. तो आता भोकातून मावेना, म्हणून अंगुरीबाईंनी कपाटाचं दारच उघडं ठेवलं आणि सगळी खोली त्याची झाली. केशरीचंद गठ्ठा काढायला जाताना बाहेरून टाळी वाजवत. दर चतुर्दशीला दोरी मात्र लावत. तोंडानं "आता कसं होणार" म्हणत आणि आकडा पाहताना त्यांचा चेहरा, अंगुरीबाईंच्या म्हणण्याप्रमाणे, नातवाचं प्रगतिपुस्तक पाहिल्यासारखा होई.

मास्तरांना हे दाखवलं तेव्हा ते जराही खजील झाले नाहीत. "मी काय सांगतलं होतं? जेवढी जागा तेवढी वाढ. सिद्ध झालं ना?" ते म्हणाले. पुढच्या महिन्यात त्यांनी हायस्कुलात यावर व्याख्यानही दिलं.

शहात्तर साल दोन महिन्यांवर होतं तेव्हा परवानगी आली. सेवादास कागद घेऊन आला आणि सोबत एक लाकडी पेटी. अर्जातली लांबी वाचून ऑफिसनं ती खास बनवून घेतली होती, पाऊण मीटरची. सेवादासनं खोलीत डोकावून पाहिलं, गठ्ठ्यावर पसरलेला साप पाहिला आणि पुन्हा कागद पाहिला.

"शेठ, हा तो नाई."

"तोच हाय. वाढला."

"किती?"

"एकशे बावन्न," केशरीचंद म्हणाले. आणि त्या अडचणीतही न राहवून पुढे म्हणाले, "बरोबर."

सेवादास ओट्यावर बसला. त्यानं पाणी मागितलं. मग समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, कारण तोही थकलेला होता. कागदावर एकाहत्तरचा साप आहे. घरात एकशे बावन्नचा आहे. म्हणजे कागदाच्या हिशेबानं साप दोन. एक गहाळ आहे, त्याचं काय केलं याची चौकशी होणार. दुसरा बिनपरवान्याचा आहे, तो चौकशी संपेपर्यंत ऑफिसात जमा होणार.

"ठेवणार कशात?"

सेवादासनं पेटीकडे बोट दाखवलं. "तेच एक हाय."

"अन् चौकशी किती दिवस चालन?"

"परवानगीले किती लागले?"

केशरीचंदांनी पेटीकडे पाहिलं. त्यांना सोललेलं नाक आठवलं.

"साप वाढते, असं लिवून दिलं तं?" त्यांनी विचारलं.

"तसा रकाना नाई," सेवादास म्हणाला. "एकच रस्ता हाय. अर्जदारानं लिवून द्याचं का अर्जातलं माप चुकलं होतं. मंग साप एकच राह्यते अन् मी आत्ता सोडून देतो."

ओट्यावरच्या दौलतरावांना राहवलं नाही. "लिवा ना शेठ. एक ओळ तं हाय."

एक ओळ होती खरी. केशरीचंद उठून आत गेले. गादीवर मीटरपट्टी पडली होती, तिच्याकडे पाहत बसले. हे खोटं होतं, आणि खोटं बोलणं हे पाप होतं. शिवाय ज्या खोट्यासाठी पाप लागायचं ते नेमकं त्यांच्या मापाबद्दल होतं. घरात चोरी केली असं लिहून दे म्हटलं असतं तर त्यांनी एवढा वेळ लावला नसता. अंगुरीबाई दाराशी आल्या.

"मले समजते," त्या म्हणाल्या. यापूर्वी त्या असं कधी म्हणाल्या नव्हत्या. "तुमची इज्जत जाईन. पर तुमाले जगाले दुकान हाय, घर हाय, मी हाय. त्याले ते पेटी हाय."

केशरीचंदांनी दौत ओढली. 'मी खाली सही करणार, धंदा कापड विक्री, लिहून देतो की, दिनांक अमुक रोजी सापाचे माप घेताना माझ्या हातून एक्याऐंशी सेंटिमीटरची चूक झाली.' अक्षर नेहमीसारखं स्वच्छ आलं. साक्षीदार म्हणून दौलतराव आणि मास्तर यांच्या सह्या झाल्या. दौलतरावांनी सही करण्याआधी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. बाजारओळीत तो सगळ्यांना ऐकू गेला.

साप नाल्याकाठी सोडला. कापडाची पिशवी उघडी केली तसा तो निघाला, सबंध लांबीनं, कुठेही न अडखळता, आणि झुडपात गेला. मागे वळून वगैरे त्यानं पाहिलं नाही. केशरीचंद पिशवीची घडी घालत उभे राहिले. त्यांना रडू येईल असं वाटलं, पण सेवादास समोर होता.

आठवड्याच्या बाजाराला प्रयागबाई आल्या. जऊळक्याच्या शेतकरीण, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. लेकीच्या परकराला अडीच मीटर छीट मागितली. केशरीचंदांनी पट्टी लावून मोजली, कात्री घेतली.

"शेठ," प्रयागबाई जरा अवघडून म्हणाल्या, "अजून एक डाव मोजा ना."

तीस वर्षांत हे वाक्य त्या दुकानात कुणी उच्चारलं नव्हतं. ओट्यावरच्या दौलतरावांनी आभाळाकडे पाहिलं. केशरीचंदांनी कात्री खाली ठेवली आणि कापड पुन्हा मोजलं. अडीच.

"सापालेही असंच मोजलं होतं?"

"हो बाई. असंच."

"मंग चुकलं कसं?"

"नाई चुकलं," केशरीचंद म्हणाले. "तो वाढला."

प्रयागबाईंनी पदर तोंडाला लावला. एवढ्या जुन्या दुकानदाराला हसणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी नुसतं विचारलं, "कापड तं नाई ना वाढत?"

"नाई," केशरीचंद म्हणाले. "कापड वाढत नाई."

हे बोलताना त्यांना आपल्या धंद्याचं एकदम फार वाईट वाटलं. त्यांनी कात्री उचलली आणि कापड फाडून दिलं. अडीच मीटर, वर चार बोटं. तीस वर्षांत पहिल्यांदा केशरीचंदांचं माप खरोखर चुकलं, आणि ते त्यांनी पुन्हा मोजलं नाही.